उशीखालचं पाकीट

बाबा, बोटीवर आपली खोली आवरणाऱ्या माणसाला निघताना किती द्यायचं, हे विचारायला मला तुमच्याशिवाय कुणी आठवेना, आणि तुम्हाला जाऊन तर सव्वीस वर्षं झाली. हसाल तुम्ही. तुमची बाय बोटीवर! मच्छीमारीच्या नव्हे हो, पोटात अख्खं हॉटेल घेऊन मुंबईहून गोव्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या बोटीवर. मी रिटायर झाले म्हणून भाच्यानं दोघींचं तिकीट काढून दिलं. तलासरीच्या शाळेतली मैत्रीण येणार होती, तिचा ऐन वेळी गुडघा धरला. मग गेले एकटीच. न जाऊन तरी काय करणार होते? घरात कोण होतं, जा म्हणायला की नको म्हणायला.

तसं निघण्याआधी विचारून बघितलं. डहाणूला माझ्या शेजारी गुजराती भाभी राहतात, त्या म्हणाल्या, "बेन, टिकिटमां बधुं आवी गयुं. एक रुपियो नै आपवानो." म्हणजे वर एक रुपयाही द्यायचा नाही. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, रोजचे पाचशे धर. पाकिटात घाल, उशीखाली ठेव आणि निघ. हातात देणं फार ऑकवर्ड होतं." हातात देणं! तिथंच तर माझं घोडं पेंड खात होतं. ते कसं, हे तुम्हाला सांगायला नको, पण आज सांगतेच.

तुम्ही सरकारी बंगल्यावर होता. आशागडहून सायकल मारत जायचात. उतरलेल्या साहेबांचं जेवण, आंघोळीचं पाणी, अंथरूण, सगळं तुमच्याकडे. सुट्टीत मी तुमच्या मागे मागे. चादरीचा कोपरा दुमडून गादीखाली खोचायला तुम्हीच मला शिकवलंत. "पाकीट घाल, बाय, पाकीट," म्हणायचात. पाकीट नीट बसलं की माणूस रात्रभर कितीही तळमळो, चादर निघत नाही. मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. एका साहेबांची बायको निघताना गाडीपाशी थांबते, तुम्हाला हाक मारते, किनाऱ्यावरच्या आगर गावाहून आणलेल्या बोंबलांच्या कालवणाचं कौतुक करते, तुमचं नाव विचारते, गाव विचारते, आणि तुमच्या हातावर नोट ठेवते. तुम्ही ती कपाळाला लावता. गाडी गेटाबाहेर जाते न जाते तोच मी म्हणाले, "बाबा, आपण भिकारी आहोत का?" एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं. "ही खुशाली असते, बाय, खुशीनं दिलेली," एवढंच म्हणालात आणि भांडी घासायला बसलात.

त्यानंतर पाहुण्यांचं सामान गाडीत चढायला लागलं की तुम्ही मागच्या दारी चुलीपाशी जाऊन बसायचात. मला वाटायचं, जिंकले मी, बाबांचं ते घेणं बंद केलं. अहो, कसलं बंद! पैसे ते लोक टेबलावर ठेवून जातच होते. बंद झालं ते कालवणाचं कौतुक, नाव विचारणं, "येतो हं" म्हणणं. पुढे नोकरीची अठरा वर्षं तुम्हाला कुणी निरोप दिला नाही, आणि ते माझ्यामुळे. हे मला कळलं तेव्हा तुम्ही नव्हता.

आता बोटीची गंमत ऐका. पहिल्या सकाळी मी उठले, अंथरूण घातलं, बेसिन घासलं, फरशीसुद्धा पुसून काढली. दुसऱ्याकडून आपलं अंथरूण काढून घ्यायचं म्हणजे मला कसंतरीच होत होतं. खोलीवरचा माणूस आला, पन्नाशीचा, मालवणकडचा, पिकल्या मिशीचा. दारातच थांबला. "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही हो, सवय आहे." तर म्हणाला, "अशी सवय नको. साहेब राउंडला आले तर म्हणतील, हा पगार कशाचा घेतो?" मग खाली वाकून चादरीच्या कोपऱ्यावरून त्यानं बोट फिरवलं. "हे कुणी शिकवलं? आमच्या नव्या लोकांना महिनाभर जमत नाही असं. हॉटेलात होता का तुम्ही?" हॉटेलात! माझ्यातली बाई ताडकन उठून बसली. "शिक्षिका होते मी," म्हटलं. "वडिलांनी शिकवलंय. मिलिटरीत होते ते."

मिलिटरीत! बाबा, जीभ कशी रेटली माझी, देव जाणे. उधव्याच्या शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना अंगठे धरून उभं करणारी मी. आणि तो माणूस इतका चांगला. दुसरा पलंग रिकामा का, विचारलं; मी म्हटलं, मैत्रीण आली नाही. तर तेव्हापासून रोज टॉवेलचा हत्ती करून त्या पलंगावर बसवायचा. "सोबत असू दे," म्हणायचा. डेकवर सगळे जोडीजोडीनं फोटो काढत होते. तीन दिवसांत मी धड बोलले ती त्या एकाशीच. हत्तीशीही बोलले थोडं, लपवू कशाला.

शेवटच्या सकाळी एक गुलाबी दोन हजाराची नोट पाकिटात घातली, पाकीट उशीखाली सरकवलं, आणि तो शेजारच्या खोलीत आहे असं बघून चोरासारखी निसटले. उतरायच्या रांगेत उभी होते तर मागून हाका, "मॅडम, ओ मॅडम!" धापा टाकत आला. "पाकीट राहिलं तुमचं. वर नाव नाही, काही नाही." मी म्हटलं, "अहो, तुमच्यासाठीच आहे ते." तो हसला आणि पाकीट माझ्याच हातात देऊन म्हणाला, "मग हातात द्या की. उशीखाली सापडलेलं म्हणजे विसरलेलं. हातात दिलं तर दिलेलं." दिलं. त्यानं ते कपाळाला लावलं, अगदी तुमच्यासारखं. मग टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि मला कडक सलाम ठोकला. "हा तुमच्या वडिलांना. मिलिटरीच्या माणसाला."

तेव्हा बोलायला हवं होतं. "अहो, तुमचंच काम करायचे ते," एवढं एकच वाक्य. तोंड उघडलंही होतं मी. मागचे लोक बॅगा ढकलत होते, पण ते निमित्त झालं. मी नुसती मान डोलावली आणि पुढे सरकले.

जन्मभर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम केलेत. तुम्हाला कुणी केलेला मी पाहिला तो हा एकच, आणि तोही मी तुम्हाला नाकारलं म्हणून मिळालेला. हे पत्र कुठे टाकणार? गादीखाली ठेवते, कोपऱ्याच्या पाकिटात. घरी आल्यापासून अंथरूण घालताना रोज लाज वाटते. पण तुमच्यापाशी खरं सांगते बाबा, त्या माणसानं सलाम केला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं.