टाकीखालची सावली

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. पैसे मागत नाही आणि तुरुंगातही नाही. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. शुद्धलेखन तपासत बसलीस तर पुढचं पत्र आईच्या नावानं टाकीन.

बातमी अशी, की तुमची भिंगरी आता थांबणार. या गोदीत जहाजाच्या पोटातल्या कप्प्यांत उतरून वेल्डिंग करतो. आत उभं राहायला जागा नाही, बसायला त्याहून नाही. दुसऱ्यांच्या जहाजांना ठिगळं लावून विटलो. उन्हाळ्यात परत येतो आणि घरामागच्या अंगणात स्वतःची वेल्डिंगची शेड टाकतो. बाबा गेल्यावर घर आईच्या आणि माझ्या नावावर झालं तेव्हा तूच म्हणाली होतीस, की याला एका जागी ठेवायला एखादा खिळा हवाच. घे, ठोकला खिळा.

काका खूश आहेत. गल्लीच्या कमिटीचे अध्यक्ष असल्यानं त्यांनी गवंडीही बघून ठेवलाय. पाया खणायचा, काँक्रीट ओतायचं, वर पत्रा. तू एरवी सरकारचं ते किरणोत्सर्ग मोजायचं टिकटिकणारं यंत्र घेऊन लोकांच्या कारखान्यांना कुलपं लावत फिरतेस. एक रविवार भावासाठी काढ आणि गवंड्यावर नजर ठेव.

आईला सांग, इथे जेवण बरं आहे. खोटं आहे, पण सांग. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर तक्रार नाही.

तुझा,
भिंगरी

ता. १९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसता आलं नाही, कारण मला तुला नाही म्हणायचं आहे. गवंड्याला मी परत पाठवलंय. मागच्या अंगणात कुदळ मारायची नाही.

आपल्या गल्लीच्या टोकाला गॅसबत्तीच्या जाळ्यांचा कारखाना होता, आठवतो? दिव्यात लखलखायची ती जाळी. ती ज्या खनिजाच्या पाण्यात भिजवायचे ते खनिज किरणोत्सारी असतं. उरलेली पांढरी वाळू कारखाना फुकट द्यायचा, आणि पावसाचं पाणी घरात शिरतं म्हणून सगळ्या गल्लीनं ती अंगणात टाकून जमीन उंच केली. आपल्या बाबांनीही. हे ऑफिसला ठाऊक होतं. दरवर्षी माप व्हायचं आणि दरवर्षी गल्ली साफ निघायची.

आता का नाही, ते ऐक. किरण थोडेफार सगळीकडेच असतात, दगडातसुद्धा. म्हणून आधी एका स्वच्छ जागी माप घ्यायचं आणि तो आकडा बाकीच्या मापांतून वजा करायचा. आमच्याकडे ही स्वच्छ जागा म्हणजे पाण्याच्या टाकीखालची. का? तर तिथे सावली असते आणि गाडी उभी राहते. जुन्या साहेबांनी ठरवलं, नंतर कुणी विचारलं नाही. यंदा टाकीचा रस्ता खोदून ठेवला होता, म्हणून मी टेकडीपलीकडच्या शाळेजवळ माप घेतलं. आकडा निम्माच आला. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरं आणलं, तेही तेच सांगू लागलं. मग टाकीखाली खणून बघितलं. तिथेही तीच पांढरी वाळू, भिंगरी. इतकी वर्षं आम्ही घाणीतून घाण वजा करत होतो आणि गल्लीला शाबासकी देत होतो.

नव्या जागेनं मोजलं तर सगळी गल्ली मर्यादेच्या वर जाते. सगळ्यात वर आपलं मागचं अंगण. ते माप मी स्वतः घेतलं नाही, दुसऱ्या निरीक्षकाकडून घेववलं. उद्या कुणी बोट दाखवायला नको. माणूस उद्या मरतो असं नाही. पण वाळू उकरली की धूळ उडते, ती नाकातोंडात जाते आणि वर्षानुवर्षं आत बसते. आणि तू तिथे दिवसभर घासणार, कापणार!

साहेब म्हणतात, पद्धत बदलू नका, जुनी जागा काय वाईट होती. मी म्हटलं, वाईट काहीच नव्हतं साहेब, सावली छान होती. अहवाल नव्या जागेनंच दिलाय. पुढच्या महिन्याच्या शेवटी गल्लीची सुनावणी आहे. आई माझ्याकडे यायला तयार नाही. म्हणते, या अंगणाला मी झाडून झाडून सरळ केलंय, ते मला काय करतंय.

रागावशील, ठाऊक आहे. राग पोटभर कर, पण जेवूनही घे.

तुझी,
ताई

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जेवलो. राग तसाच आहे.

एवढ्या जगात तुझ्या यंत्राला आपलंच अंगण सापडलं? मी शाळा सोडली तेव्हा तू रुसलीस. नोकऱ्या सोडल्या तेव्हा भाषण दिलंस. आता आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धरतोय, तर तूच हात झटकतेस. ज्या वाळूत आपण लहानपणी लोळलो ती आता विष झाली? मग आपण दोघं अजून उभे कसे? तू तर चांगलीच उभी आहेस, साहेबांच्या डोक्यावर.

काकांचा फोन आला होता. गल्लीत तुझं नाव घेतलं की लोक दार लावतात म्हणे. काल ज्यांनी तुला लेक म्हटलं ते आज तुझ्या गाडीला वाट देत नाहीत. हे सगळं एका आकड्यासाठी?

काँक्रीट मी ओतणारच. तुला अडवायचं असेल तर सरकारी फीत घेऊन दारात उभी राहा, मी फितीखालून वाकून आत जाईन. वाकायची सवय या कप्प्यांनी लावलीच आहे. आईला नमस्कार. तुलाही, पण तो कर्तव्य म्हणून.

भिंगरी

ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाळा, तू समजूतदार आहेस म्हणून थेट लिहितो. सुनावणीत तुझ्या ताईचा अहवाल मंजूर झाला तर गल्लीत भाडेकरू राहणार नाही आणि पोरींना स्थळ येणार नाही. तो पाडायला एकच माणूस पुरेसा आहे, तो म्हणजे तू. आईइतकाच तूही घराचा मालक. तू हरकत घे, की बहिणीला घरात वाटा मिळाला नाही म्हणून तिनं सूड उगवायला मापाची जागा बदलली. तिच्या साहेबांशी माझं बोलणं झालंय, त्यांनाही हे पटतं. सोबत कागद तयार करून पाठवलाय, खाली सही ठोक. तुझ्या शेडचा पाया मी स्वतः उभा राहून भरून घेईन.

तिचं काय, सरकारी माणूस आहे, बदली होईल, दुसरीकडे रमेल. आपल्याला इथेच राहायचंय. उलट टपाली सहीची वाट पाहतो.

तुझा,
काका

ता. २० फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कागद मिळाला. परत पाठवतोय, बिनसहीचाच.

ताईशी मी भांडतो, तिला टोमणे मारतो, तिच्यावर रुसतो. तो माझा जन्मापासूनचा हक्क आहे. तो मी तुम्हाला भाड्यानं दिलेला नाही. तिनं वाटा मागितला नाही. कागद करायच्या दिवशी पेन तिनंच माझ्या हातात दिलं. तिला चोर ठरवून माझा पाया भरणार असाल तर त्या शेडमध्ये मला झोप येणार नाही, आणि काम करताना झोपायची माझी जुनी खोड आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्या घरावर तुमची सावली राहो, पण अंगण आमचं आम्ही बघू.

आपला,
भिंगरी

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हा नमस्कार मनापासून.

इथे एक माणूस आहे, आम्ही त्याला नाक्या म्हणतो. कप्प्यात उतरायच्या आधी तो आतली हवा तपासतो आणि हात वर केला तरच आम्ही उतरतो. त्याच्यामुळे खोळंबा होतो म्हणून सगळी गोदी त्याला शिव्या घालते, मीही. परवा मुकादम त्याला म्हणाला, की नळी खाली तळापर्यंत कशाला सोडतोस, तोंडाशीच माप घे, वर हवा छान आहे. नाक्यानं नळी गुंडाळली. झाकण लावलं आणि त्यावर मांडी घालून बसला. मुकादम ओरडला, वरचे साहेब आले, तेही ओरडले. हा ढिम्म. शेवटी तळापर्यंत नळी सोडली तेव्हा यंत्र बोंबलू लागलं, तळाशी विषारी वायू साचला होता. मी रांगेत पहिला होतो, ताई.

तेव्हा मला टाकीखालची सावली कळली. तुझ्या पत्रातून कळली नव्हती, तिथे तू फार मास्तरकी करतेस.

काकांना काय लिहिलं ते ते सांगतीलच, तिखटमीठ लावून. आता माझं काम कर. खालचं सुनावणीत उभी राहून मोठ्यानं वाच. तुझा आवाज बसला तर आईला वाचायला लाव, तिचा कधी बसत नाही:

“मी या गल्लीतल्या पहिल्या घराचा मालक. शिक्षण थोडं, तोंड मोठं. मला माझ्या अंगणात शेड टाकायची होती, अजूनही टाकायची आहे. गल्लीत कुणाच्याही दाराशी यंत्र नेण्याआधी माझं अंगण खणा. वाळू निघेल तितकी काढा, चूल लागली तर चूल काढा. हरकत घ्यायचा हक्क माझा आहे आणि मी ती घेत नाही. ज्यांना जुनं माप पसंत आहे त्यांनी टाकीखाली खाट टाकून राहावं, सावली छान आहे म्हणे.”

रजा मागितली. मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. नोकरी सोडण्यात माझा हात धरणारा अजून जन्मला नाही. येतो.

भांडण शिल्लक आहे ते आल्यावर. तोवर जीव लाव.

तुझा,
भिंगरी

ता. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तुला गोदी सोडण्याआधी गाठेल की नाही कोण जाणे, तरी लिहिते.

वाचलं. माझा आवाज दुसऱ्याच ओळीला गेला, पुढचं आईनं वाचलं, आणि “तोंड मोठं” वर थांबून सगळ्यांकडे बघितलं. काका उठून गेले. साहेब म्हणाले, भावनिक मुद्दे नोंदवता येत नाहीत. तेवढ्यात समोरच्या शिंपीणकाकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की पहिलं अंगण यांचं असेल तर दुसरं माझं लिहा, माझी नात तिथेच खेळते. मग आणखी दोघं उठले. सगळे नाही. निम्म्या गल्लीची दारं अजून बंदच आहेत. पण खणण्याचा हुकूम साहेबांच्याही वरून निघाला.

आपलं अंगण खणून झालं. आई माझ्याकडे आली आहे आणि माझं घर झाडून सरळ करते आहे. खड्डा तुझ्या कमरेइतका खोल आहे. तळाशी माप घेतलं, तेही दुसऱ्याच निरीक्षकानं, शाळेजवळचा आकडा वजा करून. साफ. स्वच्छ माती भरली की तुझा पाया टाक.

माझ्या बदलीचा हुकूम निघालाय. तो हातात पडला की मला जावं लागेल. म्हणून ऑफिसचा शिपाई रोज घरी येतो आणि मी रोज पहाटेच गल्लीत गेलेली असते. आई त्याला चहा देते आणि सांगते, की पोरगी खड्ड्यात आहे, खाली उतरायचं तर मुखपट्टी, बूट आणि तिची लेखी परवानगी लागेल. तो बिचारा चहा पिऊन जातो. आज शिंपीणकाकूंचं अंगण संपलं. उद्या तिसरं.

लवकर ये. आल्यावर आधी भांडू, मग जेवू.

तुझी,
ताई