डुक्कर परत पाठवतेय

नारोवा, बूगनव्हिल बेट
४ मार्च १९९९

चि. ब्लेझ यास थेक्लाताईकडून. आशीर्वाद या खेपेला राखून ठेवलाय.

तुझं डुक्कर परत पाठवतेय. लढाई थांबली, आता मेजवानी करू, एकत्र सुपारी चघळून समेट करू म्हणतोस! लाज कशी वाटली नाही रे? आधी गेलेलं माणूस घरी आणायचं, मग डुक्कर बांधायचं, एवढंही आईनं शिकवलं नव्हतं का?

माझा पोरगा लुकास जंगलातल्या बंडखोरांना औषधं पोचवायचा, एवढाच त्याचा गुन्हा. तू तेव्हा सरकारी फौजेच्या छावणीत भात गिळत होतास. फौजेनं बंदुका दिलेल्या तुझ्याच टोळीनं त्याला मारलं. कुठे पुरलं, ते तुला ठाऊक आहे. जमीन आईकडून माझ्याकडे आलीय. मी तुझ्याबरोबर सुपारी चघळल्याशिवाय तिच्यावर पाय ठेवून दाखव!

रताळी बरी आलीत.

नाइलाजाने तुझीच,
ताई

बुका
१९ मार्च

ति. ताईस शि. सा. न.

डुक्कर पोचलं, शिव्याही पोचल्या.

हो, गिळत होतो भात. तुझ्या बंडखोरांनी माझं घर जाळलं, तेव्हा कुठे जायचं होतं मी? रागावायचा मक्ता काय तुझा एकटीचाच? लुकासला नेलं तेव्हा मी तिथं नव्हतो. जागा मागाहून कळली. पण तोंड उघडणार नाही अशी सोबत्यांपुढे शपथ घेतलीय, आणि बंदुका अजून त्यांच्याकडेच आहेत. बोललो तर मलाही त्याच्याशेजारी पुरतील. लोभ तेवढा तोडू नकोस.

तुझा ब्लेझ

नारोवा
२ एप्रिल

ब्लेझ,

लोभ कसला मागतोस? आपल्यात मामाच्या मागे वारस भाचाच. तुझ्या मागे आता कोण, ते सोबती? चुलीत घाल ती शपथ!

थेक्ला

बुका
१२ एप्रिल

ति. ताईस शि. सा. न.

एकटाच जाऊन खणलं. पुढचा दात अर्धा तुटलेला आहे, लहानपणी माडावरून पडला होता तेव्हाचा. तोच आहे, ताई.

सोबत्यांना कळलंय. काल घरावर दगड पडले. इथे आता राहता येणार नाही. पंचवीस तारखेच्या होडीनं निघतो. डुक्कर नाही, त्याला घेऊन येतोय. किनाऱ्यावर उतरू देशील ना?

तुझा ब्लेझ

नारोवा
१९ एप्रिल

चि. ब्लेझ यास अ. उ. आ.

ये. उतरल्या उतरल्या गावासमोर शिव्या घालणार आहे, खाली मान घालून ऐक. मग कुदळ घे. आईशेजारी जागा ठेवलीय. भाच्याचा खड्डा मामानंच खणायचा, म्हणून कुणाला हात लावू दिलेला नाही. सुपारीचं नंतर बघू.

होडीत त्याला उन्हात ठेवू नकोस.

तुझी ताई