एक फुगा सोडून

४ मार्च, रविवार

आणि पुन्हा तेच! बंदूक बिघडली म्हणे. अहो, बिघडली तर नवी घ्या — चौथ्यांदा सांगितलं फोनवर. तर बाबा म्हणतात, "नवी नको. नवी सरळ मारते." सरळ मारते म्हणून नको! हे जगात फक्त आमचा बाप बोलू शकतो.

तसं त्यांचं खोटं नाही. फुगे फोडायच्या गाड्यावर बंदूक सरळ मारायला लागली तर गिऱ्हाईक सगळी बक्षिसं घेऊन घरी जाईल. म्हणून नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी बाबांनी हातोडीनं जराशी डावीकडे ठोकलेली आहे. नेम फुग्यावर धरा, छर्रा उजवीकडे जातो. घरच्यांना तेवढं माहीत — एक फुगा सोडून डावीकडे धरायचं. धाकट्या बहिणीला पाढे यायच्या आधी हे यायचं.

गिऱ्हाईक कुरकुरलं की बाबा बंदूक हातात घेणार, "बंदुकीत दोष नाही, साहेब" म्हणणार आणि — फट्! गिऱ्हाईक गप्प. वर आणखी दहा छर्रे मागतं. सगळा धंदा त्या एका फट्‌वर उभा आहे.

आणि आता ते फट् होईना. परवा भर गर्दीत बाबांचे तीन छर्रे वाया गेले. लोक पैसे परत मागायला लागले. खापर बंदुकीवर!

५ मार्च

वॉशर गेला असणार. नाहीतर स्प्रिंग. दोन्ही पार्सलनं पाठवली. आता तरी गप्प बसा म्हणावं.

११ मार्च, रविवार

सुट्टी. लंबूची एअरगन घेऊन कारखान्यामागच्या पडीक जागेत गेलो. लंबू माझ्या खोलीतला, माल उचलायची गाडी चालवतो. मी झाकणांच्या मशीनवर. पत्र्याचे डबे बनवतो आम्ही, चेपलेले फुकट मिळतात. सात डबे भिंतीवर मांडले.

मला तिसरा पाडायचा होता. पडला दुसरा. पाचवा म्हटलं, पडला चौथा.

लंबू म्हणतो, "शेजाऱ्याशी भांडण आहे काय तुझं?"

सवय! लहानपणापासून वाकड्या बंदुकीवर शिकलो, हात आपोआप डावीकडे जातो. पण हे त्याला कोण सांगणार? मी म्हटलं, तुझी बंदूकच भंगार आहे.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" हसून हसून खाली बसला, गाढव. मग आठवडाभर सगळ्या कारखान्याला सांगायला मोकळा.

१४ मार्च

ठरलं. स्वतःची घेणार. हात सरळ करणार आणि लंबूचं तोंड बंद करणार.

दुकानात तीन बघितल्या. एक गॅसचं पिस्तूल — दिसायला झकास, पण गॅसच्या नळकांड्या विकत घेता घेता माणूस भिकेला लागेल. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दुसरी प्लास्टिकच्या दस्त्याची, सगळ्यात स्वस्त. उचलली तर खेळणं वाटतं, छर्रा घालायला नळी मोडताना कुईं करते. तिसरी लाकडी दस्त्याची. साधी, जड, नळी मोडा, छर्रा घाला, नळी बंद करा, मारा. नखरा नाही. खांद्याला लावली आणि गाड्यावरचा वास आला — तेलाचा आणि रबराचा. आठ हजार चारशे. छर्र्यांचा डबा दीडशे. एक पैसा कमी करीना दुकानदार! पाच पगारांतून साठवलेत, तरी थोडे कमी आहेत. एकवीसला पगार.

१८ मार्च, रविवार

बाबांनी वॉशर बसवला. स्प्रिंग बसवली. तरी नेम चुकतो! आणि वर मलाच — "तू पाठवलेलं सामान हलकं निघालं." दुकानं पालथी घातली मी त्या वॉशरसाठी!

डोकंच फिरलं. म्हटलं, "बाबा, नाचता येईना, अंगण वाकडं!"

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

बरं झालं. कुणीतरी एकदा बोलायलाच हवं होतं.

१९ मार्च

काही बरं झालं नाही. चाळीस झाकणं वाकडी पाडली आज. फोरमननं पाणउतारा केला.

२१ मार्च

पगार. रविवारी दुकान गाठायचं. बाबांचा फोन नाही. मीही करणार नाही. किती दिवस मीच वाकायचं?

२३ मार्च

जेवणाच्या सुट्टीत धाकटीचा फोन. आधी वाटलं, बाबांनीच बसवलं असेल तिला फोनवर. पण गाड्यामागे जाऊन हळूच बोलत होती.

"दादा, मी मारून बघितली. पाच छर्रे, पाच फुगे. एक फुगा सोडून. बंदुकीला काहीही झालेलं नाही."

"मग बाबांचं कसं चुकतं?"

"काल मला ओरडले. सगळे फुगे एकाच रंगाचे का लावलेस म्हणून."

"मग?"

"चार रंगांचे लावले होते रे."

भोंगा वाजला, मशिनं सुरू झाली, तरी मी फोन धरून उभा. ती म्हणाली, डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन ती विचारून आली आहे. मोतीबिंदू असणार, दाखवून ऑपरेशन करून घ्या, उशीर नको म्हणाले. पण बाबा पाऊल उचलत नाहीत. म्हणतात, बंदूक नीट झाली की सगळं नीट होईल.

आणि मी त्या माणसाला काय म्हटलं!

२५ मार्च, रविवार

लंबू दुकानात यायला तयार होऊन बसला होता. म्हटलं, तू जा.

पैसे धाकटीच्या नावानं पाठवले. तिला बजावलं — दवाखान्याचं तू बघ, पण बाबांना सांग, बंदुकीतच दोष होता, दादानं दुरुस्तीला पाठवलेत.

आठ हजार साडेपाचशे.