उजवा कौल

१६ फेब्रुवारी

कौल उजवा झाला. म्हणे!

माझा विश्वास नाही. माझा दीर दत्तू आत गेला आणि पाणी पिऊन यावं तसा बाहेर आला. देवीच्या अंगावरची पाकळी इतक्या लवकर सुटते कधी? शिगम्याआधीचा कौल म्हणजे अर्धा दिवस जातो. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवीकडची पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही. प्रश्न सगळ्या गावाच्या कानावर पडतो. यंदा गर्भागाराचं दार अर्धं लोटलेलं. आत दोघंच – दत्तू आणि रामचंद्र गुरव.

बाहेर येऊन दत्तूने सगळं एका दमात सांगितलं. आपला रोमटामेळ, गावाचा ढोल-ताशांचा ताफा, यंदा पेडण्याच्या मिरवणुकीत स्पर्धेला उतरणार. तोवर घरोघरी वाजवायचं नाही, हात शिल्लक ठेवायचे. आणि ताशावर सगळ्यांच्या पुढे मी.

"देवीन सगळ्याक होय म्हटल्यान," तो म्हणाला.

गुरव मागून आला. चपला शोधत राहिला. चपला समोरच होत्या.

१७ फेब्रुवारी

प्रवीणला सांगितलं. जेवता जेवता त्याचा हात थांबला.

"देवीवर संशय घेतंस?"

"देवीवर नाही. तुझ्या भावावर."

तो हसला. त्याला सगळंच हसण्यावारी नेता येतं. ढोलही तसाच वाजवतो.

२० फेब्रुवारी

तालीम. शाळेच्या मैदानावर दत्तूने चुन्याच्या रेघा मारल्यात. सकाळी तिथेच मुलांची प्रार्थना असते. मी मराठीची बाई म्हणून रांग सरळ करते आणि संध्याकाळी दीर माझी रांग सरळ करतो.

रेघेवर पाय पडला पाहिजे. सगळ्यांच्या काठ्या एकाच उंचीला उठल्या पाहिजेत. परीक्षकांच्या मेजापुढे जी काय पाच-सहा मिनिटं मिळतात, त्यात लय वाढवायची नाही, कोणी गिरकी घ्यायची नाही. मी विचारलं – आणि लोक? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असतात ते? ते नाचणार कशावर?

"वयनी, मेजार टाळ्यांक गुण नाय."

बाबलीकाका मागे होते. देवळाचे मानकरी. पंधरा-वीस वर्षं पुढचा ताशा त्यांचा. यंदा दत्तूने त्यांच्या हातात कासाळी, मोठी झांज, दिली. ती एकदा जोरात आपटून म्हणाले, "ह्या बरा. आता माका चुकाक मोकळीक!"

सगळे हसले. मी हसले नाही. त्यांची जागा मला का दिली? मागितली नव्हती. मनात होती – पण ते कोणाजवळ बोलले नव्हते. डिचोलीहून लग्न होऊन आले तेव्हापासून मागच्या ओळीत वाजवते आहे. मागच्या ओळीतल्या बाईला अचानक पुढे आणतात तेव्हा काहीतरी कारण असतं.

२३ फेब्रुवारी

कारण कळलं.

सकाळी पोदेराकडे पाव घेत होते. मनीषा होती, आमच्यात ढोल वाजवणाऱ्या सागरची बायको. सहज बोलून गेली – "बाई फुडे घातली की गुण गावतत, असा दत्तप्रसाद म्हणता खंय."

असं आहे तर. मी म्हणजे छत्र, मोरपिसं, जरीचे फेटे – त्यातलीच एक वस्तू. मेजावर मांडायची.

कोपर दुखतंय. नववीच्या वह्या तपासायच्यात. लाल पेन आणि ताशाची काठी, दोन्हींना तीच बोटं.

२६ फेब्रुवारी

नारळ द्यायचं निमित्त करून गुरवाच्या घरी गेले.

"रामचंद्रभाऊ, कौलाला इतका थोडा वेळ कसा लागला?"

"देवीची मर्जी."

"प्रश्न काय विचारला होता?"

त्याने बायकोला हाक मारली. चहा कर म्हणाला. मग गायीबद्दल बोलत बसला. गाय आटली आहे. बराच वेळ आटलेल्या गायीबद्दल बोलला!

उठले तेव्हा दारापर्यंत आला. "तू वाजय गो बाय. बरा वाजयतंस." डोळे माझ्या चपलांवर.

नाही. हा माणूस काहीतरी गिळून बसला आहे.

१ मार्च

शेवंतीकाकी कुंपणाशी उभी होती. मुलं परगावी, घरात एकटी. "औंदा मेळ येवचो नाय, खरा?"

स्पर्धा झाली की येऊ म्हटलं.

"स्पर्धा झाली की शिगमो सोपलो गो. मगे काय, गणपतीक येतल्यात?"

मेळ अंगणात येतो, ती दिवा घेऊन ओट्यावर उभी राहते, नारळ देते. लय चढत जाते, 'ओस्सय!' उठतं, आणि ही सत्तरीची बाई एक हात वर करून दोन पावलं नाचते. तेवढंच, वर्षातून एकदा. चुन्याच्या रेघेत ते कुठे बसणार?

संध्याकाळी दत्तूला गाठलं. विहिरीवर हातपाय धूत होता. सरळ विचारलं – घरं वगळायला देवी खरंच हो म्हणाली?

"तुका वाजवूक गावता मां फुडे? मगे वाजय."

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"मास्तरीण!" म्हणाला आणि तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ मारत राहिला. तोंड लपवण्याची चांगली रीत आहे.

३ मार्च

होळी पेटली. ढोल घरात. असं कधी ऐकलं नव्हतं – म्हणजे काही ऐकूच आलं नाही.

४ मार्च

पलीकडच्या गावाचा मेळ घरोघर फिरतोय. वारा आला की त्यांचा ताशा इथवर येतो. ढिला, चुकतमाकत वाजतो. चांगला वाजतो.

शेवंतीकाकीने ओटा सारवलाय. कशाला?

७ मार्च

पेडणे. संध्याकाळपासून रस्ता भरलेला. आमच्या पुढे चित्ररथ, मागे दुसरा मेळ.

दत्तूचा हुकूम – मेजापर्यंत अर्ध्या हाताने वाजवायचं. दम राखायचा. आम्ही तसेच चाललो. नवे फेटे, सरळ ओळी, अर्धे हात. माणसं बघत होती. मुलं खांद्यावर घेऊन आलेली माणसं. कोणी मान हलवेना. एका वळणावर कोण बाई ओरडली, "वाजयात रे! मेल्यात की काय?" हशा पिकला. माझे कान तापले.

मग मेज. पांढरं कापड, तीन परीक्षक, समोर पाण्याच्या बाटल्या. तिथे वाजवलं. खोटं कशाला लिहू – इतकं स्वच्छ आम्ही कधी वाजवलं नव्हतं. एक काठी मागे नाही, एक पुढे नाही. मधल्या परीक्षकाने पेन खाली ठेवलं आणि नुसता बघत राहिला. त्या वेळात मला कोणावरही संशय आला नाही.

मेज मागे पडल्यावर मी लय सोडली. ठरवून नाही. हात चढत गेला. मागून बाबलीकाकांची कासाळी लगेच आली, जणू वाटच बघत होती. मग ढोल. रस्ता आत ओढला गेला – पोरी, म्हातारे, बंदोबस्ताचा एक पोलीससुद्धा. रेघ-बिघ काही उरली नाही. दत्तूने मागे वळून बघितलं. वाटलं, आता थांबवेल. नाही थांबवलं.

पहिला नंबर आमचा.

८ मार्च

बोलले. सगळ्यांसमोर बोलले.

देवळात नारळ ठेवायला जमलो होतो. चषक देवीपुढे. दत्तू म्हणाला, आता डिचोलीलाही उतरूया, घरांचं पुढच्या वर्षी बघू. शेवंतीकाकी खांबाशी बसली होती. मीच उठले.

"कौल परत घ्या. दार उघडं ठेवून. प्रश्न आम्हाला ऐकू येऊ दे."

गडबड झाली. प्रवीण माझा हात ओढत होता. मी हात सोडवला. म्हटलं, "दत्तू, देवीच्या नावावर खोटं बोललास. हो की नाही?"

बाबलीकाका पुढे झाले. मस्करी नव्हती चेहऱ्यावर. "रामचंद्रा, तू सांग."

गुरव म्हणाला, "माका विचारू नकात." आणि भिंतीकडे तोंड केलं.

दत्तूने माझ्याकडे बघितलं. मग काकांकडे. "होय," म्हणाला. "खोटा बोललंय मी."

बस्स. कारण नाही, सारवासारव नाही. मी भांडायच्या तयारीत आले होते – माझी वाक्यं तशीच राहिली.

काकांनी तिथल्या तिथे सांगितलं – दत्तप्रसादने मेळाला हात लावायचा नाही. यंदा नाही आणि पुढेही नाही. डिचोली रद्द. उद्यापासून घरं. "आणि तनया फुडे. तिका देवीनच फुडे घातली हा."

दत्तूने गळ्यातली शिट्टी काढून पायरीवर ठेवली आणि गेला.

इतकं सहज कबूल करतो कोणी? त्यातही काहीतरी डाव असेल.

१० मार्च

काल वरचा वाडा, आज मधला. फेटे नाहीत, ओळी नाहीत. प्रत्येक अंगणात माणसं उतरतात. पहिल्या नंबराचा मेळ आपल्या दारात! पोरं मला बोट दाखवतात. शेवंतीकाकीने हात वर करून तिची दोन पावलं टाकली, मग आणखी दोन. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तू बोललंस म्हणान."

दत्तू खोलीतून बाहेर येत नाही. प्रवीण माझ्याशी कामापुरतं बोलतो. सकाळी तेवढं म्हणाला, "मेळ ह्या एकच काय ता होता त्याचा."

माझं काय चुकलं? खोटं तो बोलला.

११ मार्च

रामचंद्र गुरव शाळेत आला. मधल्या सुटीत, गेटाबाहेर उभा. म्हणाला, पोटात राहत नाही.

स्पर्धेचं दत्तूने देवीला विचारलंच नव्हतं. घरांचंही नाही. ते त्याने आपल्याच मनाने ठरवलं होतं. आत त्याने एकच विचारलं – वयनीक फुडे घातली तर चालात?

पाकळी डावी पडली. परत लावली, परत विचारलं. परत डावी.

"दत्तू माका म्हणालो, ह्या खंयच बोला नको. तिच्याइतक्या बरा कोण वाजयना नाय."

उद्या शेवटची घरं. आमचं अंगण त्यात आहे.

पुढे मी.