बंद करायचा राहिलेला ट्रॅक

४ मार्च
आमच्या बँडचं एक गाणं सिंगल म्हणून निघालं — आणि त्यात घोळ! रेकॉर्डिंगच्या वेळी ड्रमरला आपण गाण्यात कुठे आहोत ते कळावं म्हणून धाकट्या बहिणीने अंदाजापुरता आवाज दिला होता. ती आमची बासवाली; बास गिटार मांडीवर तशीच, अर्धं लक्ष खिडकीबाहेर. तो ट्रॅक शेवटी बंद करायचा असतो. साउंडवाला विसरला. आम्ही चौघांनीही घाईत नीट ऐकलं नाही. आता माझ्या किंचाळण्यामागे ही बया गातेय!
साउंडवाला म्हणतो, "फारसं कुठे ऐकू येतंय?"
कानात बोळे घातलेत याने?

५ मार्च
ऐकू येतंय. लोकांचा एकच प्रश्न — मागे गातंय कोण?

८ मार्च
ड्रमर खूश. "काखेत कळसा नि गावाला वळसा! गोड गळ्याचं माणूस आपण बाहेर शोधत होतो."
बहीण म्हणाली, "दादा, तुला नको असेल तर काढून टाकू."
राहू दे म्हटलं. मोठेपणा दुसरं काय! आतून नुसता जळत होतो. गाणी माझी आणि चौकशी हिची. त्या तिरीमिरीत सरावाला भलताच ओरडलो.

९ मार्च
आवाज गेला.

१० मार्च
डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून घसा पाहिला. स्वरतंतूंना सूज. "बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही."
पाटीवर लिहून बोलतोय. आई म्हणाली, "चला, घरात शांतता तरी झाली." मग स्वतःच डोळे पुसत गरम पाणी घेऊन आली.

१७ मार्च
चार गाण्यांच्या ईपीची तारीख जाहीर झालीय आणि चौथं गाणं माझ्यावाचून अडलंय. गिटारवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला गाऊ दे."
पाटीवर लिहिलं — ठीक. मनात शिव्या.

१९ मार्च
तिने गायलं. मी स्टुडिओच्या काचेअलीकडे बसलो होतो. बाबा गेले त्या वर्षी लिहिलेलं गाणं. मला वाटायचं, त्यात राग आहे. गेली कित्येक वर्षं तेच ओरडतोय. ती सावकाश गात होती आणि कळलं — राग नाहीच. त्यांची आठवण येते, एवढंच. रडू आलं, तेही बिनआवाजाचं.
साउंडवाला म्हणाला, "अजून एकदा घेऊ या?" मी दोन्ही हात हलवून नको म्हटलं.

२६ मार्च
ईपी निघाली. उद्या कार्यक्रम. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता हळूहळू वापरून बघा. धीर होत नाही. आलाच नाही तर? या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरतोय.
बहिणीला उद्याची धास्ती. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. "दादा, बरा झालास तर तूच गा हं. तुझं गाणं आहे."

२७ मार्च
घरात कुणी नव्हतं. नळ सोडून न्हाणीघरात ओरडून पाहिलं. आला! भरदार, पूर्वीसारखा!
थोड्या वेळाने बहीण आली. "काही फरक?"
मी मान हलवली. नाही.