उत्तरेकडचा गोल आणि पाच इंच

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सहासष्ट, शहराच्या फुटबॉल मैदानाचा निवृत्त माळी, राहणार मैदानामागच्या स्वतःच्या दोन खोल्या, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, पण ते लेखी नाही. कोणी मला धाक दाखवलेला नाही, की कोणी लाडीगोडी लावलेली नाही. येत्या वीस तारखेपासून मैदान पाडायला घेणार आहेत. त्याआधी माझ्या मेहुण्याच्या नावाला लागलेला बट्टा पुसला जावा, एवढ्यासाठी हा कागद आहे. घर आणि भांडीकुंडी हे निमित्त.

कलम १. दोन्ही खोल्या आणि बँकेतली ठेव पत्नीस. ठेव किती आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तिच्यानंतर सर्व काही मुलीस. मधली भिंत काढून मोठा हॉल करण्याचा विचार जावयाने मनातही आणू नये. एवढ्यात दोन पाडकामे मला सोसणार नाहीत, मेलो असलो तरी.

कलम २. रेषा मारायचे चाक माझ्या जागी आलेल्या बाईंना. त्या माझ्यापेक्षा सरळ रेषा मारतात. हे त्यांना मी गेल्यावरच सांगावे.

कलम ३. मैदान समिती स्मरणिका काढते आहे आणि तिने माझ्याकडे 'दोन शब्द' मागितले आहेत. ते असे.

मैदानाच्या जागी आधी वीटभट्टीचा खड्डा होता. शहराने त्यात वीस वर्षे कचरा टाकला, वर माती पसरली आणि त्याला क्रीडांगण म्हटले. मधल्या वर्तुळातून मी आजवर सात चपला, एक किटली आणि कोणाची तरी कवळी काढली आहे. मग लाकडी प्रेक्षागृह आले. त्याच्या छपराला इतके वासे होते की मागच्या रांगेतल्या माणसाला अर्धाच सामना दिसायचा आणि उरलेला शेजारच्याला विचारावा लागायचा. ते वाळवीने खाल्ले. मग सिमेंटचे आले, त्यावर अध्यक्षांच्या नावाच्या पाच पाट्या लागल्या. अध्यक्षांनी आयुष्यात चेंडूला एकदाच लाथ मारली, उद्घाटनाला, आणि तेव्हा बूट चेंडूच्या पुढे गेला.

आता मुख्य गोष्ट. मी तिशीत असताना उत्तरेकडच्या गोलाचे लाकडी खांब कुजले, म्हणून नवे रोवले. रोवले मी, मोजलेही मीच, कापडी टेपने. गोल चोवीस फुटांचा हवा. मी टेपचे टोक एका खांबाच्या जागी खिळ्याने अडकवले, चोवीसाच्या आकड्यावर दुसरा खड्डा खणला आणि घरी जेवायला गेलो. टेपचे पहिले पाच इंच जागेवर नव्हते. ते मीच महिनाभर आधी कापून चुन्याच्या बादलीची तुटलेली कडी बांधायला वापरले होते. बादली समोर होती, हातात टेप होती, पण डोके जेवणात होते. गोल पाच इंच अरुंद झाला आणि दहा वर्षे तसाच राहिला.

त्या गोलात चेंडू जाईना. लोक म्हणू लागले की उत्तरेकडून वारा येतो. वर्तमानपत्राने वाऱ्यावर लेख छापला. एका इंजिनियरने अहवाल दिला. अध्यक्षांनी वारा अडवायला तीन मजली भिंत बांधली आणि तिच्यावर सहावी पाटी लावली. त्या भिंतीच्या सिमेंट-खडीने माझे गवत मेले आणि गोलासमोरच्या टकलाबद्दल शिव्या मला मिळाल्या. वारा आहे तसाच राहिला, कारण तो कधी नव्हताच.

कलम ४. पत्नीचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, आपल्या संघाचा आघाडीचा खेळाडू होता. तेहतीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, त्याने उत्तरेकडच्या गोलावर डाव्या पायाने फटका मारला. चेंडू खांबाच्या आतल्या कडेला लागून बाहेर आला. आपण हरलो. त्या दिवसापासून शहर त्याला 'खांब्या' म्हणते. तो रस्त्याने निघाला की लोक विजेच्या खांबावर टकटक करत. पुढे त्याने सायकलींचे दुकान टाकले, तर त्यालाही खांबाचे दुकान म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी मारायला गेलो, तर तो गोलरेषेवर पावलाला पाऊल लावून चालत होता. आधी उत्तरेला, मग दक्षिणेला. याच्या डोक्यावर परिणाम झाला असे समजून मी त्याला चहा पाजला आणि घरी धाडले. तेव्हा मी रोजंदारीवर होतो आणि पत्नी सहाव्या महिन्यात होती. नोकरी कायम झाल्याचा कागद मला त्यानंतर दोन महिन्यांनी मिळाला.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला, सगळे पाहुणे बसलेले असताना, तो बशी घेऊन केककडे आला. मी म्हणालो, "अरे, केक जरा लांब ठेवा, नाहीतर खांबाला लागेल." सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. तो बशी ठेवून उठला, तो आजतागायत माझ्या घरात आलेला नाही. बहिणीला तो बाजारात भेटतो.

त्यानंतर सहा वर्षांनी लोखंडी गोल आले, मी काढण्याआधी जुने खांब लोखंडी टेपने मोजले, तर अंतर पाच इंच कमी भरले. नवे खांब बरोबर रोवले आणि तोंड बंद ठेवले. आधी नोकरीसाठी, मग लाजेसाठी, मग नुसती सवय म्हणून. मला त्याची माफी मागायची आहे. समोरासमोर मागायची छाती झाली नाही.

कलम ५. कापलेली टेप आणि बादली समितीस. पाच इंच अजून कडीला बांधलेले आहेत. ज्याला संशय असेल त्याने जोडून पाहावे. तो फटका गोल होता, हे स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावे. जागा कमी पडल्यास अध्यक्षांचा फोटो काढावा.

कलम ६. मेहुण्याला मी काहीही देत नाही. एक सुतळीसुद्धा नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे, कारण साक्षीदाराला सही करायला माझ्या घरात येऊन खुर्चीवर बसावे लागते. मजकूर वाचणे साक्षीदारावर बंधनकारक नसते. या साक्षीदारावर आहे.

वरील सर्व माझे आहे, चुकांसह.

ठिकाण: पुढची खोली, खिडकीतून उत्तरेकडचा गोल दिसतो तिथे.
दिनांक: नऊ, मंगळवार. पाडकामाला अकरा दिवस बाकी.

सही: निवृत्त माळी

साक्षीदार पहिला: मैदानाचा गेटवाला. सही केली. वाचले नाही, चष्मा घरी राहिला.

साक्षीदार दुसरा: सायकल दुकानदार. वाचले. सही करतो आणि खाली चार ओळी लिहितो, वकिलांची हरकत नाही.

दाजी, मी त्या सकाळी मोजलं होतं. उत्तरेला अर्धं पाऊल कमी भरलं. ताई सहाव्या महिन्यात, तुम्ही रोजंदारीवर. बोललो असतो तर तुम्हाला त्याच दिवशी काढलं असतं. म्हणून तुमचा चहा प्यायलो आणि घरी गेलो. खांब्या म्हणाले त्याचं फार वाटलं नाही. तुम्ही म्हणालात त्याचं वाटलं. स्मरणिकेत आत्ता काही छापू नका, पेन्शन अडकेल. भाचीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे ना? केक मी आणतो. लांब ठेवू नका.