एकानंच लिहायचं

हैदराबाद,
४ जानेवारी १९८७

चि. वनमाला हिस,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेल्या आठवड्यात तीन दिवसांत घरची तीन पत्रं आली आणि तिघांनी मिळून नानांच्या डोळ्यांची तारीख घालवली. काचबिंदूच्या ऑपरेशनसाठी इथल्या दवाखान्यात खेटे घालून मी १९ जानेवारी मिळवली होती. तू लिहिलंस की दूध सोसायटीची तपासणी आहे, आठवडाभर पुढं ढकल. दुसऱ्या दिवशी ज्ञानोबाकाकांनी उमरग्याहून कळवलं की रद्दच कर, सोलापूरचा डॉक्टर बघून ठेवलाय. तिसऱ्या दिवशी आईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं, उशीर करू नको, अलीकडची तारीख घे. मी पडलो आज्ञाधारक. तीनदा दवाखान्यात गेलो. तिसऱ्या वेळी खिडकीवरच्या कल्याणप्पांनी माझं कार्ड फाडलं आणि रांगेत शेवटी उभं राहायला सांगितलं. आता २७ फेब्रुवारी मिळाली आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते, असं डॉक्टर बजावून सांगतात. त्यामुळं माझा जीव टांगणीला लागलाय.

गंमत म्हणजे कंपनीत मी ह्याच दुखण्यावर महिनाभर डोकं फोडतोय. आमच्या कॉम्प्युटरला माहिती साठवायच्या चार डिस्क आहेत आणि चौघींना हाकणारा कंट्रोलर एकच. त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहितो. एका वेळी वीस-वीस कामं डिस्कपाशी ताटकळत असतात. कुठं काही बिघडलं की त्यातलं प्रत्येक काम स्वतःच दुरुस्तीला धावतं आणि कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करतं. त्यानं बाकीच्यांची अर्धी झालेली कामं मोडतात. मग तीही बिघाड झाला म्हणून कंट्रोलर बंद-चालू करत सुटतात. मूळचा बिघाड केव्हाच मिटलेला असतो, दुरुस्ती मात्र दिवसभर चालते.

म्हणून मी आता नियम बसवलाय. बिघाड पहिल्यांदा ज्याला दिसेल त्यानंच तो निस्तरायचा. बाकीच्यांनी गप थांबायचं आणि त्यानं झालं म्हटलं की आपलं काम पुन्हा करायचं. हाच नियम आपल्या घराला लावावा म्हणतो. यापुढं मला एकानंच लिहायचं. कोणी, ते तुम्ही ठरवा.

आईला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा,
वसंत

तामलवाडी,
१४ जानेवारी १९८७

ती. दादास,
वनमालाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नानांनी तिथंच सभा भरवली. एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, ठराव आणि अनुमोदन झाल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही. काका मुद्दाम उमरग्याहून आले होते. पत्र कुणी लिहायचं हा प्रश्न निघाला आणि नानांनी तो विचारता विचारताच सोडवला. घरातल्या सगळ्यांच्या पत्रांवर लाल शाई फिरवणारे तेच, तेव्हा लिहिणारेही तेच. काका दोन मिनिटं रुसले, मग म्हणाले, ठीकय, पण वसंताला सांगा, सोलापूरचा डॉक्टर लई नामी हाय. आईचं म्हणणं असं की बरं झालं, म्या आता पत्र लिव म्हणून कुणाच्या दारी जाणार न्हाय.

दादा, मला मात्र थोडं खटकलं. ज्याचे डोळे दुखतात त्यानंच डोळ्यांची खबर कळवायची, हे कसं? पण तसं बोलले तर नाना म्हणतील, पोरीचा माझ्यावर भरवसा नाही. आणि नियम तुझाच आहे.

पाण्याचा टँकर तीन दिवसांतून एकदा येतो. सोसायटीत दूध निम्म्यावर आलंय, मी फॅट मोजायला बसते आणि अकरा वाजता मोकळी होते. हे माझं शेवटचं पत्र. पुढचं सगळं नानांकडून कळेलच.

विसरू नको म्हणजे झालं.
तुझी,
वनमाला

तामलवाडी,
९ फेब्रुवारी १९८७

चि. वसंतास,
आबारावाचा जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझी पद्धत उत्तम आहे. घरात शिस्त आली. कोणी मध्ये तोंड घालत नाही, त्यामुळे मजकूर थोडका आणि मुद्देसूद होतो. तुझ्या यंत्राच्या अगोदर ही पद्धत मी तिसरीच्या वर्गात वापरली होती, हे तुझ्या साहेबांना सांगायला हरकत नाही.

डोळ्यांना आराम आहे. औषधाचे थेंब वेळेवर घालतो. मात्र २७ तारीख सोयीची नाही. टँकरच्या वाटपाचे काम गावाने माझ्यावर सोपवले आहे आणि मी दोन दिवस नसलो तर बायका घागरीने एकमेकींची डोकी फोडतील. तारीख मार्चअखेर घ्यावी. घाईचे काही कारण दिसत नाही.

घरची मंडळी खुशाल आहेत. वेळेवर जेवत जा.
तुझे भले चिंतणारा,
आबाराव

हैदराबाद,
२० फेब्रुवारी १९८७

ती. नानांच्या सेवेशी,
वसंतचा सविनय जय भीम. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. एकच पत्र आणि एकच म्हणणं, फार हलकं वाटलं. ३० मार्च मिळाली. कल्याणप्पासुद्धा खूश झाले, म्हणाले, आता कसं शहाण्या घरातला माणूस आल्यासारखं वाटतंय.

इकडं ड्रायव्हर चार दिवस न अडखळता चालला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. फक्त एक शंका काढली, की ज्याच्यावर दुरुस्ती सोपवली तोच मधे अडकून पडला तर बाकीचे काय करतील? मी म्हणालो, काही नाही, थांबतील. साहेब हसले आणि पुढं गेले. मला ती शंका जरा आडवळणाचीच वाटली.

आपल्या पत्रातल्या ओळी उजवीकडं फार वर चढल्या होत्या. एस. टी.त बसून लिहिलंत वाटतं. इतका त्रास घेऊ नये.

आपल्या आशीर्वादावर जगणारा,
वसंत

तामलवाडी,
१६ मार्च १९८७

चि. वसंतास,
जय भीम. वि. वि.

सर्व क्षेम. डोळे उत्तम. वर्तमानपत्र रोज वाचतो. मार्चअखेरीस ग्रामसभा आहे. तारीख मे महिन्यातली घ्यावी. इकडची काळजी करू नये.

आबाराव

तामलवाडी,
७ एप्रिल १९८७

ती. दादास,
जय भीम. आज नियम मोडते, मग काय रागवायचं ते रागव.

नानांना दिसत नाही. तुझी पत्रं ते फेब्रुवारीपासून वाचतच नव्हते रे! पाकीट फोडायचे, अंगणात बसायचे आणि आम्हाला मनानं रचून ऐकवायचे. आम्ही ऐकलं की दवाखान्यानंच तारीख मार्चवर नेली, मग मेवर नेली. तुझा मोठा सत्कार झाला आणि साहेबांनी तुला घड्याळ दिलं, हेही ऐकलं. आई ते घड्याळ गल्लीभर सांगत फिरली.

परवा मी सोसायटीचं पाकीट फळीवर ठेवलं होतं. ते तुझं समजून नानांनी फोडलं आणि आईला वाचून दाखवायला बसले. मी मागं उभी होते. वसंता लिहितो, मोठे डॉक्टर दिल्लीला गेलेत, घाई करू नका. हातात सरकीच्या पेंडीचं छापील परिपत्रक होतं. मी त्यांना पूर्ण वाचू दिलं. शेवटी तुझ्या वतीनं आशीर्वाद मागून त्यांनी घडी घातली. मला रडू आवरलं नाही.

नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, मला चाकूची भीती वाटते, पोरी. एवढंच. आयुष्यभर ज्यांनी शंभर पोरांना इंजेक्शनच्या रांगेत धमकावून उभं केलं, ते हे बोलले.

काल काकांनी सोलापूरला दाखवलं. डावा डोळा कायमचा गेला. उजवा आठवड्यात ऑपरेशन केलं तरच राहील. डाव्याचं डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, नानांना अजून कुणी बोललेलं नाही. मला वाटत होतं, तुला सगळं कळतंय. आईला वाटत होतं, काकांना. काकांना वाटत होतं, नाना लिहितायत म्हणजे तू बघतोयस. आम्ही सगळे नियमानं गप बसलो. शुक्रवारी काका त्यांना ओळखीच्या ट्रकात घेऊन निघतील. तारीख नसली तर कल्याणप्पांच्या पाया पड.

तुझी,
वनमाला

हैदराबाद,
२० एप्रिल १९८७

चि. वनमाला हिस,
जय भीम. वि. वि.

ऑपरेशन होऊन आठवडा झाला. उजवा डोळा वाचला असं डॉक्टर खात्रीनं सांगतात. पट्टी परवा निघेल. कल्याणप्पांच्या पाया पडावं लागलं नाही. मी तुझं पत्र पुढं केलं, त्यांनी ओळखीच्या माणसाकडून मराठी वाचून घेतलं आणि तिथल्या तिथं नवं कार्ड लिहिलं.

ओळी वर चढलेल्या मी पाहिल्या होत्या. पुढच्या पत्रात तर एकीवर एक चढल्या होत्या. तरीही तुला दोन ओळी टाकाव्यात हे मला सुचलं नाही, कारण पद्धत नीट चालली होती ना! साहेबांनी मार्चमध्ये आपली शंका खरी करून दाखवली. दुरुस्ती करणाऱ्यालाच मधे बंद पाडलं. वीसच्या वीस कामं थांबून राहिली आणि पडद्यावर एकही चूक उमटली नाही. मी दोन तास तो शांत पडदा बघत बसलो होतो. आता ठरावीक वेळ गेला की थांबलेल्यांनी चौकशी करायची, अशी सोय केली आहे. यंत्रापुरती झाली.

काल नानांनी तुझं पत्र वाचायला सांगितलं. ज्या पत्रामुळं मला इथं आणलं ते ऐकायचंय, म्हणाले. पेंडीच्या परिपत्रकाशी मी चाचरलो, पण ते स्वतःच हसले आणि म्हणाले की वाचन मात्र झकास झालं होतं. पट्टी निघाली की दोन्ही डोळ्यांनी दिसेल, असं ते धरून बसले होते. डॉक्टरांना वाटलं मी बोललो असेन, मला वाटलं काका बोलले असतील. डाव्या डोळ्याच्या ओळीपाशी आलो आणि माझ्या तोंडून निघालं, डाव्यालाही औषधानं फरक पडेल. नाना म्हणाले, वनमाला असं गुळगुळीत लिहीत नाही, नीट वाच. मग मी आहे तसं वाचलं.

मी त्यांचा हात धरला. तेव्हा ते म्हणाले की सगळ्यांना ठाऊक होतं, तर एकानं तरी मला सांगायचं होतं. मी पत्राची घडी घालायला लागलो. त्यांनीच सांगितलं, बरं, पुढचं वाच, पोरीनं अजून काय लिहिलंय.

आईला हे सगळं तूच सांग, आजच सांग.
तुझा दादा,
वसंत